एमबीएच्या पहिल्या वर्षात शिकवतात काय? चला, हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून बघू



उधारी वसुलीवरचा व्हिडिओ टाकल्यानंतर सांगली जिल्ह्यातून एका काकांचा फोन आला. तालुक्याच्या गावी त्यांचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे, २२ वर्षांपासून. मुलगा बी.कॉम. झालाय आणि त्याला पुण्याला जाऊन एमबीए करायचंय. फी, राहणं, खाणं धरून दोन वर्षांचा खर्च ८ लाखांच्या घरात जातोय. काका म्हणाले, "सर, ८ लाखांत मी शेजारचा गाळा डिपॉझिट भरून घेतो आणि वर मालही भरतो. पोरगं तिथं जाऊन असं काय शिकणार आहे जे मला २२ वर्षांत कळलं नाही?"

टोमणा नव्हता तो. माणूस खरंच विचारत होता. आणि मी, जो रोज कॅमेऱ्यासमोर बडबड करतो, फोनवर अडखळलो. "ते कॉलेजवर अवलंबून आहे काका" वगैरे काहीतरी बोललो. मग यावर व्हिडिओ केला, पण १८ मिनिटं विषयांची नावं सांगण्यातच गेली. कमेंटमध्ये तुम्ही बरोबर पकडलंत की सर, नावं कळली पण दुकानात त्याचं करायचं काय? म्हणून हा लेख. काकांची परवानगी घेऊन त्यांच्याच दुकानाचे आकडे वापरतोय, फक्त गोल करून.

आधी एक सांगून टाकतो. मी स्वतः एमबीए आहे. नोकरी सांभाळत संध्याकाळच्या बॅचला केलं. आणि एमबीए होऊनसुद्धा माझा पहिला धंदा बुडाला. ती गोष्ट खाली येईलच.

पहिलं वर्ष मालकाचं, दुसरं नोकरीचं

एमबीए म्हणजे साधारण दोन वर्षं, चार सेमिस्टर. पहिल्या वर्षी सगळ्यांना तेच विषय असतात. त्यांना कोअर म्हणतात. अकाउंटिंग, अर्थशास्त्र, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, माणसांचे विषय म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेव्हियर आणि एचआर, थोडी संख्याशास्त्र-संशोधनाची ओळख, थोडा कायदा. मधल्या सुट्टीत इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन: कोणी मार्केटिंग घेतो, कोणी फायनान्स, कोणी एचआर. विद्यापीठाप्रमाणे नावं आणि क्रम थोडे बदलतात, ढाचा हाच.

हा ढाचा आला कुठून? हार्वर्डने १९०८ मध्ये पहिल्यांदा एमबीए सुरू केलं. अमेरिकेत तेव्हा रेल्वे, पोलाद, तेल अशा अवाढव्य कंपन्या उभ्या राहत होत्या. मालक एक आणि माणसं हजारो. अशा कंपनीत सेल्सवाल्याला कारखान्याचं कळत नाही, कारखानेवाल्याला हिशेबाचं कळत नाही, आणि भांडणं होतात. म्हणून ठरलं की पुढे कुठेही जा, आधी सगळ्यांनी सगळं शिका. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी या दोन संस्थांचे अहवाल आले. त्यांनी बिझनेस स्कूलांना चांगलं झाडलं, की तुमचं शिकवणं उथळ आहे, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र नीट आणा. आज जो अभ्यासक्रम दिसतो त्यावर त्या अहवालांची मोठी छाप आहे. आपल्याकडे १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम सुरू झाल्या, कोलकात्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलचा हात होता, अहमदाबादला हार्वर्डचा. १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज आलं.

आता गंमत बघा. हे विषय बनले मोठ्या कंपनीतल्या एकेका खात्याच्या माणसाला बाकीची खाती कळावीत म्हणून. पण काकांच्या दुकानात खाती आहेत कुठे? खरेदी काका, विक्री काका, वसुली काका, पोरांचे पगार काका, बँकेत काका. म्हणजे सगळी खाती एकाच डोक्यात. मग पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सगळ्यात जास्त कोणाला लागतो? कंपनीत नोकरी करणाऱ्यापेक्षा काकांनाच. दुसरं वर्ष, स्पेशलायझेशन, प्लेसमेंट हे सगळं नोकरीसाठी. त्यात वाईट काही नाही, पण मुलगा दुकानात परत येणार असेल तर हा फरक ध्यानात ठेवा.

अकाउंटिंग: ज्याला आपण "सीए बघतो" म्हणतो

हा विषय मी पहिला घेतोय कारण आपण तो शेवटी ठेवतो. दुहेरी नोंदीची पद्धत इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये पुस्तकात छापली. पद्धत त्याच्या आधीपासून व्यापाऱ्यांत चालू होती, त्याने ती लिहून काढली. आपल्या आजोबांची कीर्द-खतावणी काही वेगळ्या जातीची नाही. रोज काय आलं, काय गेलं, कोणाकडे किती. एमबीएत नोंदी करायला कमी शिकवतात, नोंदी वाचायला जास्त.

तीन कागद असतात. नफा-तोटा पत्रक सांगतं वर्षभरात कमावलं किती. ताळेबंद सांगतो आज पैसा कशाकशात अडकलाय आणि तो कोणाचा आहे. तिसरा, रोखीचा प्रवाह, सांगतो खरोखर हातात किती आले आणि गेले कुठे. लहान दुकानदाराला हा तिसरा कागद कोणी करूनच देत नाही. कारण कोणी मागत नाही.

काकांना म्हटलं, मागच्या वर्षीचा ताळेबंद फोटो काढून पाठवा. त्यांनी पाठवला तो सीएच्या पाकिटातून पहिल्यांदाच बाहेर काढलेला होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. आकडे असे: वर्षाची विक्री ९६ लाख. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ८० लाख. म्हणजे वरकड नफा १६ लाख, त्यातून भाडं, पगार, वीज, बँकेचं व्याज जाऊन घरी येतात साधारण साडेसहा लाख. दुकानात आणि गोदामात मिळून माल ३२ लाखांचा. गवंडी, प्लंबर आणि ठेकेदारांकडे उधारी १६ लाख.

काकांना साडेसहा लाखांचा आकडा पाठ होता. ३२ लाखांचा नव्हता. "एवढा माल आहे?" असं त्यांनीच मला विचारलं.

माझी गोष्ट

२०१५ मध्ये मी भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं युनिट टाकलं. महिन्याला ६ लाखांची विक्री, ५ लाख ४० हजार खर्च, ६० हजार सुटायचे. सात-आठ लहान गिऱ्हाइकं, महिना-दीड महिन्यात पैसे. व्यवस्थित चाललं होतं.

मग एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली. नाव सांगत नाही. महिन्याला आणखी ६ लाखांचा माल, पेमेंट ९० दिवसांनी. त्या दिवशी मी घरी पेढे नेले. धंदा एका झटक्यात दुप्पट!

आता हिशेब करा, जो मी तेव्हा केला नाही. पहिला चेक यायच्या आधी मला तीन महिने माल द्यायचाय. दर महिन्याला ५ लाख ४० हजार खिशातून, म्हणजे १६ लाख २० हजार. कागदवाला १५ दिवसांची उधारी द्यायचा, तेवढाच आधार. बँकेची सीसी लिमिट १० लाख, ती आधीच निम्मी वापरलेली. त्यात जीएसटी सुरू झाल्यावर आणखी एक पाचर बसली. बिल फाडलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत का, हे सरकार विचारत नाही.

९० दिवसांचे १२० झाले. "साहेब सुट्टीवर आहेत", "बिल सिस्टिमला चढलं नाही", "पुढच्या पेमेंट सायकलला". चार महिन्यांचे २१ लाख ६० हजार त्या एका ऑर्डरमध्ये अडकले. सीसी संपली, कागदवाल्याने माल थांबवला, मग लहान गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी चुकायला लागल्या, आणि ती गिऱ्हाइकं एकेक करून गेली. २०१९ च्या सुरुवातीला शेडची किल्ली मालकाला परत दिली. कामगारांचे शेवटचे पगार बायकोच्या बांगड्या मोडून दिले. हे व्हिडिओत कधी बोललो नव्हतो.

आणि शेवटच्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक? त्यात नफाच होता. शेवटपर्यंत.

नफा आणि रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पेपरात आलं होतं. मी चांगले मार्क पाडले होते. पण परीक्षेत बेरीज करणं वेगळं आणि पेढ्यांचा बॉक्स हातात असताना बेरीज करणं वेगळं.

दुसरी चुटपुट कायद्याची. बिझनेस लॉ हा विषय आम्ही सगळे गाईड वाचून पास झालो होतो. २००६ चा एमएसएमईडी कायदा म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करारात मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. म्हणजे ९० दिवसांची ती अट कायद्यात बसतच नव्हती. माझ्याकडे उद्योग आधार होतं, बँकेच्या कर्जासाठी काढलेलं, फाईलला लावून ठेवलेलं. अर्थात आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला छाती लागते, आणि तेव्हा माहीत असतं तरी मी केली असती असं छातीठोक सांगत नाही. निदान ऑर्डर घेताना टेबलावर तो मुद्दा ठेवता आला असता. आता एक नवीन पाचर आहे, यावेळी आपल्या बाजूने. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी हिशेबात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. म्हणून मार्चमध्ये अचानक फोन येतात, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा."

ध्यानात ठेवा, पैसे वसुलीचं हे संरक्षण बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. म्हणजे काकांच्या १६ लाखांच्या उधारीला हा कायदा लागू नाही.

फायनान्स: रुपया किती दिवसांनी घरी येतो

एमबीएच्या फायनान्समध्ये शेअर, बाँड, कंपनीचं मूल्यांकन असं बरंच असतं. दुकानदाराला त्यातलं एकच प्रकरण तोंडपाठ पाहिजे, ते म्हणजे खेळतं भांडवल.

काकांचं गणित करू. वर्षाला ८० लाखांचा माल विकला जातो आणि ३२ लाखांचा पडून असतो. ८० भागिले ३२ म्हणजे माल वर्षात अडीच वेळा फिरतो. ३६५ ला अडीचने भागा, १४६ दिवस. दुकानात आलेली वस्तू सरासरी १४६ दिवस तिथेच बसून राहते. विकली की पैसे लगेच नाहीत. उधारी १६ लाख, महिन्याची विक्री ८ लाख, म्हणजे आणखी ६० दिवस. कंपन्या आणि होलसेलर काकांना सरासरी ३० दिवस थांबतात. १४६ अधिक ६०, वजा ३०. आज घातलेला रुपया परत यायला १७६ दिवस. जवळजवळ सहा महिने!

फोनवर हे सांगितल्यावर काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणून दिवाळीला हातात काही राहत नाही होय."

याच विषयातली दुसरी गोष्ट सीडीची. पाईपचा एक होलसेलर काकांना म्हणतो, १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सीडी, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. काका नेहमी ३० दिवस घेतात, "फुकटचे २० दिवस मिळतात" म्हणून. फुकट? ९८ रुपये २० दिवस वापरायला २ रुपये मोजताय. वर्षाचा दर काढला तर ३७ टक्के येतो. बँकेची सीसी काढून सीडी घेतली तरी परवडेल. हे गणित पाचवीच्या पोराला येईल, फक्त ते करायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

अर्थशास्त्र आणि मार्केटिंग, दोन्ही एकत्रच घेतो

दोन वेगळे पेपर असतात, पण दुकानात ते एकाच क्षणी येतात. ठेकेदार म्हणतो, "पाच टक्के सोडा की मालक."

१०० रुपयांची वस्तू, खरेदी ८३, सुटतात १७. पाच सोडले की सुटतात १२. आधी जेवढा नफा व्हायचा तेवढाच करायला आता ४२ टक्के जास्त माल विकावा लागेल. त्या ठेकेदाराने जास्तीचा माल घेतला का? नाही. घर तेवढंच बांधायचंय, नळ तेवढेच बसवायचेत. अर्थशास्त्रात याला मागणीची लवचिकता म्हणतात. किंमत कमी केली म्हणून मागणी वाढतेच असं नाही, आणि सिमेंट-नळांच्या बाबतीत तर गिऱ्हाईक घेणार तेवढंच घेणार. प्रश्न फक्त कोणाकडून घेणार हा असतो.

आणि तो मार्केटिंगचा प्रश्न. १९६० मध्ये मॅकार्थीने चार पी दिले: वस्तू, किंमत, जागा, प्रसिद्धी. आपल्याकडे मार्केटिंग म्हटलं की लोक चौथ्यावरच उडी मारतात, बोर्ड लावला, इन्स्टावर रील टाकली. काकांना विचारलं, ठेकेदार तुमच्याकडेच का येतो? खूप विचार करून म्हणाले, "सकाळी सातला दुकान उघडतो मी. गवंड्याला आठला साइटवर जायचं असतं." बघा! हेच त्यांचं मार्केटिंग आहे, बाकी सगळे नऊला उघडतात. मग पाच टक्के कशाला सोडायचे? सातला उघडायची किंमत काका २२ वर्षं घेतच नव्हते.

ऑपरेशन्स: गोदामात काय दडलंय

या विषयाला कॉलेजात मुलं घाबरतात, कारण सूत्रं असतात. एकावेळी किती माल मागवावा याचं एक प्रसिद्ध सूत्र आहे, फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलेलं. ते पाठ नाही केलं तरी चालेल. त्यातली कल्पना घ्या. थोडा थोडा मागवला तर वाहतूक आणि धावपळ वाढते, एकदम मागवला तर पैसा आणि जागा अडकते, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी खर्च सगळ्यात कमी असतो.

काकांचा कल कुठे? एकदम मागवण्याकडे. "स्कीम होती." मित्रांनो, आपल्या लहान दुकानदारांची जितकी रक्कम "स्कीम होती" या दोन शब्दांत बुडालीय तितकी उधारीत पण बुडाली नसेल, असं माझं मत आहे. दहा पेट्यांवर एक फ्री, आणि दहा पेट्या दोन वर्षं गोदामात.

पेंटचं उदाहरण घ्या, कारण ते काकांच्या दुकानातलंच आहे. एशियन पेंट्स ही १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी. तिने मधल्या घाऊक व्यापाऱ्याला वगळून थेट डीलरपर्यंत माल पोचवायची व्यवस्था उभी केली, आणि खपाचा अंदाज बांधायला फार लवकर, १९७० च्या दशकातच, कॉम्प्युटर वापरायला सुरुवात केली. डीलरला थोडा थोडा, पण वारंवार माल. मग दुकानात तयार रंगांचे डबे रचायचे कशाला? बेस ठेवा, टिंटिंग मशिनवर शेड बनवा. काकांकडे मशिन आहे. तरी मागे जुन्या तयार शेडचे डबे आहेतच, कारण टाकवत नाहीत.

माल तीन भागांत वाटायचा. थोड्या वस्तू असतात ज्या बहुतेक विक्री आणतात, त्या रोज बघायच्या. मधल्या आठवड्याला. आणि शेकडो बारीकसारीक वस्तू, ज्यांच्यावर फार डोकं लावायचं नाही, पण त्यातल्या दोन वर्षं न हललेल्यांची यादी काढायची. एमबीएत याला एबीसी अॅनालिसिस म्हणतात. बाईंडिंग केलेलं प्रोजेक्ट लिहितात मुलं त्यावर. काकांच्या मुलाला मी म्हटलं, तू चार रविवार काढ.

माणसं

ऑर्गनायझेशनल बिहेव्हियरची पुस्तकं जाड असतात आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं काकांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कोणता पोरगा कधी खोटं बोलतो हे कोणत्याही प्रोफेसरपेक्षा दुकानदाराला आधी कळतं. पण एक गोष्ट सांगतो. हर्झबर्ग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, १९५९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की पगार, कामाची जागा, मालकाचं वागणं हे वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण हे नुसतं ठीक केलं म्हणून तो मन लावून काम करेलच असं नाही. त्यासाठी जबाबदारी लागते, केलेल्या कामाची कोणी दखल घ्यावी लागते. त्याच्या अभ्यासावर पुढे बरेच आक्षेपही घेतले गेले. तरी काकांच्या दुकानातून मागच्या दोन वर्षांत तीन पोरं गेली, तिघांनाही पगार वाढवून देऊ केला होता. एकजण शेजारच्या गावात तेवढ्याच पगारावर गेला. तिथे त्याला काउंटर सांभाळायला दिलाय.

संख्याशास्त्राबद्दल एवढंच, की सरासरीवर विश्वास ठेवू नका. "उधारी सरासरी ६० दिवस" म्हणजे बरेच जण महिन्यात देतात आणि चार ठेकेदार वर्षभर देत नाहीत. वसुली त्या चौघांकडे करायची असते.

स्ट्रॅटेजी हा विषय कॉलेजात सगळ्यात भारी वाटतो. मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये सांगितलेली पाच बलं, म्हणजे स्पर्धक, नवे येणारे, पर्याय, गिऱ्हाइकाची ताकद आणि पुरवठादाराची ताकद. तक्ता छान दिसतो. पण ज्याला आपला माल किती दिवसांत फिरतो हे माहीत नाही त्याने पाच बलांचा तक्ता काढून उपयोग नाही.

मग काकांना काय सांगितलं?

मी सांगितलं की मुलाला नोकरी करायची असेल, मोठ्या कंपनीत शिरायचं असेल, तर एमबीए करू द्या, पण कॉलेज बघून. कुठल्या कंपन्या येतात, किती मुलांना खरंच घेतात, मागच्या बॅचच्या दोन मुलांशी बोला. ब्रोशर वाचून ८ लाख भरू नका. चांगल्या वर्गात शेजारी बसलेली मुलं निम्मं शिक्षण देतात, हे मी स्वतः अनुभवलंय. ते व्हिडिओ बघून मिळत नाही, माझे बघूनसुद्धा नाही.

पण तो दुकानातच येणार असेल तर पहिल्या वर्षाचे विषय घरी राहून शिकता येतात. बी.कॉम. आहे, अकाउंटचा पाया आहेच. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची अकाउंटन्सीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत. सरकारच्या स्वयंम पोर्टलवर मार्केटिंग, ऑपरेशन्स, फायनान्सचे कोर्स आहेत. क्रम माझ्या मते असा: आधी अकाउंटिंग, मग खेळतं भांडवल, मग ऑपरेशन्स. मार्केटिंग त्यानंतर. मार्केटिंग शिकायची घाई सगळ्यांना असते, पण गोदामात भोक असताना वरून पाणी ओतायची घाई कशाला?

आणि एक हिशेब मांडून दाखवला. माल ३२ लाखांवरून २४ लाखांवर आला, विक्री तीच राहिली, तर ८ लाख रोख मोकळे होतात. म्हणजे एमबीएचा खर्च काय किंवा शेजारचा गाळा काय, तेवढे पैसे काकांच्याच गोदामात रचून ठेवलेले आहेत.

"एवढं नाही निघायचं सर," काका म्हणाले. "माल सगळा फिरता आहे माझा."

परवा रात्री मुलाचा फोन आला. चार रविवार झाले होते. दोन वर्षांत हललेला नाही असा माल त्याने वेगळा काढला: जुन्या डिझाइनचे नळ, बंद पडलेल्या साइजचे फिटिंग, दहावर एक फ्रीच्या पेट्या, तयार शेडचे डबे, आणि एक संपूर्ण रॅक कुलपांची जी काकांनीसुद्धा ओळखली नाहीत. खरेदी किमतीने ७ लाख १० हजार. सीईटीचा फॉर्मही त्याने भरलाय, वडिलांना सांगून.

मागून काकांचा आवाज आला, "त्यांना विचार, हे विकायचं कसं?"

पुढच्या शनिवारी सकाळी ९ वाजता त्यावरच व्हिडिओ येतोय. तुमच्या गोदामात दोन वर्षं न हललेली एक वस्तू कोणती आणि ती तुम्ही का घेतली होती, ते कमेंटमध्ये लिहा. "स्कीम होती" असेल तर तसंच लिहा, लाजू नका.